समजा

दुपारी सव्वातीनचा तास.
बांभोरीच्या टेकडीवर खोली क्रमांक चौदा,
पंखे तीन, त्यांतला एक फिरायचा,
त्या एकाखाली आम्ही अकरा जण,
गुरांच्या बाजारात निंबाखाली दाटी होते तसे.

फिरके मॅडम फळ्यावर आधी एकच शब्द लिहीत:
समजा.
मग थोडं थांबून रुमालाने मान पुसत.
पहिला दीड महिना मला तो हुकूमच वाटला.
समजा! आणि मला तर समजत नव्हतं.
वहीत शब्द उतरवायचो, खाली रेघ,
रेघेखाली कोरं पान.

नंतर लक्षात आलं, हे समजणं
समजण्याच्या अलीकडचं आहे.
आहे असं धरून चाला, एवढंच.
केळीला आपण बांबूचा टेकू देतो,
घड उतरला की टेकूही काढतो, खोडही आडवं करतो,
त्यावर कोणी हळहळत नाही.
गृहीतक तसंच उभं करायचं,
विसंगतीचा घड लागेपर्यंत.
मग कोयता.

तर त्या दिवशी: समजा, एक यंत्र आहे.
त्याला कुठलाही प्रोग्राम दाखवा,
ते न चुकता सांगेल, हा कधीतरी थांबेल
किंवा हा चालतच राहील.
मॅडमनी त्यातून दुसरं यंत्र काढलं, खोडील.
पहिलं म्हणालं थांबशील, तर हे पळत सुटणार,
म्हणालं पळशील, तर जागीच बसणार.
मागून सुपडू पुटपुटला,
"हाऊ ते आमना गोऱ्हाच शे."

मग त्या खोडिलाला खायला त्याचंच वर्णन दिलं
आणि नेमकी लाइट गेली.
फिरणारा पंखा चार गिरक्यांत निवला.
मॅडम बोलतच होत्या. खडू तुटला,
उरलेल्या तुकड्याने लिहिलं:
थांबलं तर थांबत नाही,
नाही थांबलं तर थांबतं.
म्हणून पहिलं यंत्र नाही.
"अजून सापडलं नाही, असं नव्हे," त्या म्हणाल्या,
"असूच शकत नाही. भुसावळात नाही, अमेरिकेतही नाही."

तोवर मला ठाऊक असलेले नाही वेगळे होते.
यादीत नाव नाही. साहेब जागेवर नाहीत.
पुढच्या वर्षी बघू, म्हणजे नाही.
हे पहिलं, ज्याने स्वतःचं कारण
वरपासून खालपर्यंत फळ्यावर मांडलं
आणि ज्याचा मला राग आला नाही.

सुपडूने हात वर केला.
एरंडोलकडचा. आधीची दोन भावंडं गेली
म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घातलेला,
त्यावरून नाव.
"मंग कवलोंग वाट दखानी, मॅडम?"
वर्ग हसला.
मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.
गिरणेच्या पुलावर ट्रक खोळंबले होते,
पत्र्यासारखं ऊन, एक क्लीनर खाली उतरून
चाकाला पाणी मारत होता.
"थांबलं, तर एक दिवस कळेल," त्या म्हणाल्या.
"नाही थांबलं, तर कळणार नाही
कुठल्याच दिवशी."
मग डस्टर घेतलं आणि सगळं पुसलं,
वरचा एक शब्द सोडून. तिथे त्यांचा हात पोचत नसे,
लिहिताना त्या टाचा उंचावत.

सुपडू आता भुसावळच्या यार्डात रातपाळीला असतो.
कधी दोन वाजता फोन लावतो,
मागे डब्यांचा आवाज.
"मालगाडी उभी शे. सांग, चालनार का?"
मी म्हणतो, "समजा."
तो शिवी देतो आणि फोन ठेवतो.

मी फैजपूरला शिकवतो.
काल बेचाळीस पेपर तपासले.
एका मुलीने चौथ्या प्रश्नाखाली
फक्त लिहिलं होतं समजा,
खाली पट्टीने आखलेली रेघ,
पुढे पान कोरं.
बराच वेळ लाल पेन उघडं राहिलं.
मग अर्धा गुण दिला.
कशाबद्दल, ते लिहिलं नाही.